बोहारणीने परत केलेली बोचकी

परवा माठाची तिवई काढायला माळ्यावर चढले आणि जुन्या कपड्यांच्या त्या दोन बॅगा परत समोर आल्या. जानेवारीपासून तिथेच आहेत. त्यांचं काय करायचं ते अजून ठरत नाहीये आणि गेले चार महिने त्या बॅगांपायी मी जे काही वाचलं, लोकांना विचारलं, ते एकदा लिहून काढावं असं वाटलं म्हणून ही पोस्ट. लांबली तर सांभाळून घ्या.

माझी धाकटी बहीण न्यू जर्सीला असते, वीस वर्षं झाली आता. डिसेंबरात सगळे आले तेव्हा चौघांच्या मिळून आठ बॅगा होत्या आणि त्यातल्या तीन नुसत्या जुन्या कपड्यांच्या. तिचे, मेव्हण्यांचे, दोन्ही भाच्यांचे. "ताई, सगळे चांगले आहेत गं, फेकवत नाहीत, इथे कोणाला तरी होतील." मी पलंगावर सगळे ओतले आणि मोजले, एकशे बारा निघाले. सतरा कपड्यांचं तर लेबलसुद्धा काढलेलं नव्हतं. मी विचारलं हे काय, तर म्हणाली की ऑनलाईन मागवलेले, मुलींना बसले नाहीत, परत करायला गेलं तर कंपनीच म्हणते राहू दे, परत पाठवू नका, पैसे देतो. म्हणजे तो कपडा परत नेऊन, तपासून, पुन्हा घडी घालून विकायचा खर्च त्याच्या किमतीपेक्षा जास्त होतो. बनवणाऱ्यालाच ती वस्तू परत नकोय, हे ऐकून मला त्या रात्री नीट झोप लागली नाही.

आम्ही दोघी नारायण पेठेत वाड्यात वाढलो. आईची साडी विरली की तिचं जुनेर व्हायचं, ते घरात नेसायला, मग कोणाचं बाळंतपण असलं की त्यातून दुपटी निघायची, उरलेलं आजीच्या गोधडीत जायचं, गोधडी फाटली की पायपुसणं, मग पोतेरं, आणि पोतेऱ्याच्या पार चिंध्या झाल्या की त्या मातीत मिसळून जायच्या कारण मुळात तो कापूसच. आजी लुगड्याला दंड घालायची, म्हणजे मधला झिजलेला भाग कापून काढायचा आणि उरलेली दोन टोकं जोडून शिवायची, आणि तेच नेसून ती शनिपारापर्यंत भाजी आणायला जायची. मला गरिबीचं कौतुक करायचं नाहीये. आईला वर्षाला दोन साड्या मिळायच्या आणि तिसरी हवी असायची, ती लक्ष्मी रोडच्या काचेसमोर किती वेळ उभी राहायची ते मी बघितलंय. पण कापड कुठे जाऊन संपतं हे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असायचं, कारण ते आमच्या डोळ्यांसमोर संपायचं.

आणि मधल्या टप्प्यावर बोहारीण. आता लहान असलेल्यांना कदाचित माहीत नसेल म्हणून सांगते, डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन दारावर येणारी बाई, जुने कपडे घ्यायची आणि बदल्यात पातेलं, डबा, परात द्यायची. दुपारभर घासाघीस. आई म्हणायची अजून एक शर्ट घे पण मोठं पातेलं दे, ती म्हणायची कॉलर फाटलीये, आणि शेवटी एखादा झारा वर टाकून सौदा व्हायचा. आमच्या घरात अजून दोन पातेली आहेत त्या सौद्यांतली.

कोथरूडला आमच्या सोसायटीत फेरीवाल्यांना आत सोडत नाहीत, त्यामुळे हाक ऐकू आली की आपणच खाली उतरायचं. एक मावशी अजून महिन्या-दीड महिन्यातून आमच्या गल्लीत येतात. जानेवारीत त्या आल्या तेव्हा मी तिन्ही बॅगा लिफ्टने खाली नेल्या, आणि मनात असं की आज मावशींचा दिवस भारी जाणार.

मावशींनी फूटपाथवर फडकं पसरलं. एकेक कपडा उचलायच्या, दोन बोटांत चुरगाळायच्या, उजेडाकडे धरायच्या आणि बाजूला ठेवायच्या. बाजूचा ढीग वाढत चालला तसं मी म्हटलं, "मावशी, नवा आहे हो तो, लेबल बघा." तर म्हणाल्या, "नवा असू दे ताई. माझं गिऱ्हाईक बिगारी माणूस, सेंट्रिंगवाला. त्याला घाम पिणारं कापड लागतंय. ह्यात माणूस उकडून मरंल." मग समजावून सांगितलं मला त्यांनी. आम्ही हे नेतो, धुतो, बटणं लावतो, इस्त्री करतो आणि बाजारात बसतो, घेणारा माणूस पन्नास रुपये मोजणार तर तो कपडा त्याला सहा महिने कामावर घालता आला पाहिजे, आणि हे तर दोनदा धुतलं की गोळे येणार. चार जीन्स, मेव्हण्यांचे सुती शर्ट आणि दोन स्वेटर एवढंच घेतलं, मला झाकणाचा एक डबा दिला, आणि बाकी सगळं स्वतःच्या हाताने बोचकं बांधून परत केलं. जाताना म्हणाल्या, "सुती असलं तर हाक मारा."

ज्या बाईचं पोटच जुन्या कपड्यांवर चालतं तिने फुकट मिळणारे नव्वदच्या वर कपडे नाकारले, त्यातले सतरा कोरे. मला त्या दिवसापासून वाटतंय की स्वस्त कपड्यांवर याच्यापेक्षा नेमकी परीक्षा दुसरी नाही.

घरी येऊन मी आतल्या पट्ट्या वाचल्या. पॉलिस्टर, पॉलिस्टर, विस्कोस, पॉलिस्टर आणि इलास्टेन. पॉलिस्टर म्हणजे खनिज तेलापासून केलेलं प्लॅस्टिकच, आणि आज जगात जेवढा धागा तयार होतो त्यातला निम्म्याहून जास्त हाच आहे. धुताना त्याचे सूक्ष्म तंतू पाण्यात जातात, टाकलं तर मातीत कुजत नाही, आणि कापसाबरोबर मिसळून विणलेलं असेल तर दोन धागे वेगळे करणंही महाकठीण. २००० ते २०१५ या पंधरा वर्षांत जगातलं कपड्यांचं उत्पादन साधारण दुप्पट झालं. माणसं काही दुप्पट झाली नाहीत. तेच कपडे कमी वेळा घालून टाकायला लागली. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचे २०१८ चे आकडे आहेत, त्या एका वर्षात तिथे १ कोटी ७० लाख टन कापडाचा कचरा झाला आणि त्यातला १ कोटी १३ लाख टन सरळ जमिनीत पुरला.

बहिणीला फोनवर हे सांगितलं तर ती जरा दुखावली. म्हणाली, आम्ही फेकत नाही गं, डोनेशनची पेटी असते पार्किंगमध्ये, त्यात टाकतो. ती खोटं बोलत नाहीये आणि ती उधळी पण नाहीये, जेवणानंतर उरलेली आमटी डब्यात भरून ठेवणारी आहे ती. पण त्या पेटीतल्या कपड्यांचा थोडाच भाग तिथल्या दुकानात विकला जातो, बाकीचे गठ्ठे बांधून वजनावर परदेशी विकतात. घानामध्ये अक्रा शहरात कांतामांतो नावाचा बाजार आहे, तिथे आठवड्याला दीड कोटीच्या आसपास जुने कपडे येतात असा अंदाज आहे. तिथले लोक या कपड्यांना 'ओब्रोनी वावू' म्हणतात, म्हणजे मेलेल्या गोऱ्या माणसाचे कपडे, कारण सुरुवातीला त्यांना वाटायचं की इतके चांगले कपडे जिवंत माणूस कशाला टाकून देईल, मालक मेलाच असणार. पंचावन्न-पंचावन्न किलोचे गठ्ठे बायका डोक्यावर वाहतात. गठ्ठा घेणारा बंद गठ्ठाच विकत घेतो, उघडल्यावर आत काय निघेल ते नशीब, आणि जे विकत नाही ते नाल्यातून समुद्रावर जातं. चिलीत इकीके बंदरातून येणाऱ्यातलं न विकलेलं अटाकामाच्या वाळवंटात नेऊन ओततात, २०२१ च्या बातम्यांत वर्षाला ३९ हजार टन असा आकडा होता. त्या फोटोत वाळूवर रंगीबेरंगी डोंगर दिसतो आणि जवळून बघितलं की लेबलं तशीच लटकलेली.

आणि आपलं पानिपत. मराठी माणसाला पानिपत म्हटलं की १७६१ च आठवतं, मलाही तेवढंच माहीत होतं. आज तिथे परदेशातून आलेले लोकरी कपडे कंटेनरने उतरतात, बायका बसून त्यांची बटणं, चेन, अस्तरं कापून काढतात, रंगाप्रमाणे ढीग लावतात म्हणजे पुन्हा रंगवायला नको, मग ते फाडून पिंजून त्याचं सूत होतं आणि त्याची स्वस्त ब्लँकेटं. भूकंपात, पुरात वाटतात ना, त्यातली बरीचशी एकेकाळी तिथलीच असायची. हे मला मनापासून आवडलं, आमच्या आजीच्या गोधडीचाच मोठा अवतार आहे तो. कांतामांतोतही हजारो शिंपी, रंगारी, इस्त्रीवाले त्या कपड्यांवर जगतात, त्यामुळे हा सगळा व्यापार बंद करा असं म्हणायला माझी जीभ धजत नाही. पण लोकर पिंजता येते, सुती कापड उसवून पुन्हा शिवता येतं. माझ्या बॅगांत जे आहे त्याचं मावशी, पानिपत, अक्रा, कोणीच काही करू शकत नाही.

लहानपणी आजी नचिकेताची गोष्ट सांगायची. आपल्या लक्षात राहतं ते यमाच्या दारातलं, पण गोष्ट सुरू कुठून होते तर बाप यज्ञात गाई दान करतोय, आणि त्या गाई कशा, तर ज्यांचं शेवटचं पाणी पिऊन झालंय, शेवटचं गवत खाऊन झालंय, दूध संपलंय. पोराला ते बघवत नाही. घेणाऱ्याच्या दारात ती गाय मरणार, तिला ओढून न्यायचं काम त्याचं, आणि पुण्य मात्र देणाऱ्याला. पार्किंगमधल्या त्या पेटीबद्दल विचार करताना मला सारखी तीच गोष्ट आठवते. श्रीमंत देशांचा हा जो खर्च आहे तो असा दुसऱ्याच्या दारात जाऊन मरतो, म्हणून तो त्यांना दिसत नाही. वर्ल्ड बँकेने २०१८ मध्ये मांडलेला हिशोब असा, की जगातली १६ टक्के लोकसंख्या श्रीमंत देशांत राहते आणि जगाचा ३४ टक्के कचरा ती करते.

आणि हे झालं नुसतं शेवटाचं. सुरुवात त्याहून वाईट आहे. ढाक्याजवळ सावर नावाच्या ठिकाणी राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत होती, वर कपड्यांचे कारखाने, खाली दुकानं आणि एक बँक. २३ एप्रिल २०१३ ला भिंतींना भेगा दिसल्या, बँकेने आपली माणसं घरी पाठवली. शिलाईवाल्या मुलींना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं, पगार कापू म्हणून धमकावलं, कारण ऑर्डर वेळेत जायची होती. २४ ला सकाळी इमारत कोसळली. ११३४ माणसं गेली. तेव्हा तिथलं किमान वेतन महिन्याला ३००० टका होतं. मी त्या बॅगेतल्या एका टॉपची शिवण उलटी करून बघितली, बारीक, सरळ, एकसारखी. कोणीतरी मान मोडून शिवलाय तो. एकदाही अंगात घातला गेला नाही आणि आता बोहारणीलाही नकोय. त्या मुलीच्या आयुष्यातली ती दहा-पंधरा मिनिटं कुठे गेली? मला या सगळ्यात सगळ्यात जास्त हेच टोचतं, पाण्या-तेलाच्या हिशोबापेक्षाही.

आणि २०१८ मध्ये बर्बेरी या महागडे कपडे विकणाऱ्या ब्रिटिश कंपनीच्याच अहवालातून कळलं की आदल्या वर्षात त्यांनी २ कोटी ८६ लाख पौंडांचा न विकलेला माल नष्ट केला, स्वस्तात विकला तर नाव खाली येईल म्हणून. ओरड झाल्यावर थांबवलं. फ्रान्सने २०२० मध्ये कायदा केला, न विकलेला माल जाळायला-पुरायला बंदी. एवढ्या साध्या गोष्टीला कायदा लागतो.

हे सगळं तिकडचं म्हणून मी सोडून देऊ शकले असते. पण आपण पुणेकरांनी उरुळी देवाची आणि फुरसुंगीचं काय केलं? वर्षानुवर्षं आख्ख्या शहराचा कचरा त्या गावांच्या उशाला नेऊन ओतला, विहिरी खराब झाल्या, टँकरचं पाणी प्यायची वेळ आली, लोकांनी रस्त्यावर उतरून गाड्या अडवल्या तेव्हा पेठांमध्ये कचरा साठला आणि मग कुठे आपल्याला त्या गावांची नावं पाठ झाली. अक्रा आणि न्यू जर्सीच्या मध्ये समुद्र आहे, आपल्यात नि उरुळीत फक्त हडपसर होतं. आता आमच्या सोसायटीत रोज खोकी येऊन पडतात, वॉचमनच्या टेबलावर मावत नाहीत, एफसी रोडला दीडशे-दोनशेत टॉप मिळतो आणि तो तीन धुण्यांचाच असतो हे घेणारीलाही माहीत असतं. आमच्याकडे 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ज्या ताई कचरा न्यायला येतात त्यांना मी त्या बॅगांबद्दल विचारलं होतं. बाटलीला भाव आहे, पुठ्ठ्याला आहे, म्हणाल्या, ह्या कापडाला नाही, गाडीत जागा मात्र खातं.

मी जानेवारीपासून एकही कपडा घेतलेला नाही, आणि दोन कुडते कर्वेनगरच्या एका शिंप्याकडून उसवून पुन्हा शिवून घेतले. शिंपी म्हणाला मॅडम, नवीन स्वस्त पडेल. खरंच पडेल, आणि मला आता त्या स्वस्ताचीच भीती वाटते.

गेल्या रविवारी बहिणीचा फोन आला तेव्हा तिनेच विचारलं, ताई त्या कपड्यांचं काय झालं शेवटी. मी सांगितलं, माळ्यावर आहेत, मावशींनी परत केले, कोणी घेत नाही. बराच वेळ ती काही बोलली नाही, मागे धाकटीचा टीव्ही ऐकू येत होता. मग म्हणाली, "राहू देत तिथेच. पुढच्या वेळी मुलींना घेऊन येते, मावशी आल्या की त्यांना घेऊन आपण खाली जाऊ."