म्हापशाच्या बाजारात

आज शुक्रवार, म्हापशाचा बाजार. एका म्हाताऱ्या भाजीवालीच्या टोपलीमागे गणवेशातला नातू गणितं सोडवत होता. मध्येच गिऱ्हाईक आलं की हिशेब तोंडी, बिनचूक! वडील गेल्यापासून तो आजीपाशीच, शेजारीण हळूच म्हणाली. आजी मात्र ओरडतेय, "पान सोडू नको रे!"

मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आठवल्या. हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा त्यांनी अनेक दशकं मागोवा घेतला. गरिबी, घरातले तंटे, आजारपणं असं बरंच वाट्याला आलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं व्यवस्थित उभी राहिली. त्यांच्यामागे बहुधा एक तरी भक्कम माणूस होतं. कितीदा तरी आजी-आजोबाच. (‘मुलं काय, आपोआप सावरतात’ म्हणणाऱ्यांना हे कुणी सांगा!) उरलेल्यांतलेही बरेच जण पुढे चाळिशीपर्यंत सावरले. कुणाला पुन्हा शिक्षण मिळालं, कुणाला चांगला जोडीदार.