कसारा लोकलने भातसेच्या काठी

पावसाळ्यात तलावांत पाणी किती, हे आपण मुंबईकर रोज वाचतो. सातही तलाव भरले की १४,४७,३६३ दशलक्ष लिटर, त्यात एकट्या भातसाचे ७,१७,०३७. म्हणजे जवळपास निम्मं. पण तानसा तलावासारखं हे पाणी धरणापासूनच जलवाहिनीत शिरत नाही. उघड्या नदीपात्रातून वाहत ते पिसे बंधाऱ्याला येतं, तिथून पंपांनी उचलून पांजरापूरच्या शुद्धीकरण केंद्रात जातं. हा मधला टप्पा बघायचा म्हणून मार्चअखेर खडवली गाठली.

दादरहून कसारा किंवा आसनगाव लोकल पकडा. टिटवाळा लोकल चालत नाही, ती एक स्टेशन आधीच संपते. टिटवाळ्यानंतर डबा रिकामा होतो आणि खिडकीतून कापणी झालेली भातखाचरं दिसू लागतात. मध्येमध्ये काळे चौकोन दिसले तर वणवा समजू नका. तो राब. पालापाचोळा, शेण, गवत पसरून जमीन भाजतात, जूनमध्ये तिथेच भाताची रोपं टाकतात.

खडवली स्टेशनबाहेरून नदीकडे रिक्षा मिळते. सकाळी लवकर गेलात तर चालतच जा.

भातसा उगम पावते कसाऱ्याच्या घाटाकडे. धरणाची भिंत ८८ मीटरच्या वर उंच आहे, पण ते सगळं वरच्या अंगाला. खडवलीपर्यंत डोंगर मागे राहिलेले असतात, उतार संपत आलेला असतो आणि नदी सखल मैदानात रमतगमत, वळणं घेत चालते. तळाशी मात्र काळा कातळच. पाण्याने घासून गुळगुळीत झालेला, मध्येच कपारी आणि अचानक खोल डोह. एका ठिकाणी घोटाभर पाण्यात बायका गोधडी आपटत होत्या आणि चार पावलांवर पाण्याचा रंग गडद हिरवा झाला होता. बाकीच्या लहान नद्या उन्हाळ्यात आटत आलेल्या असताना ही मात्र वाहती दिसते, कारण मुंबईसाठी वरून पाणी सोडलेलं असतं.

आणि वर, जिथे हे धरण आहे त्या शहापूर तालुक्यात, भातसा-तानसा-वैतरणेच्या कुशीतल्या पाड्यांवर, दर उन्हाळ्यात टँकर फिरतात. नदीकाठी उभं राहिल्यावर ही गोष्ट जास्त टोचते.

पोहायला उतरू नका, हे अगदी गांभीर्याने सांगतोय. इथे दरवर्षी सहलीला आलेली पोरं बुडतात. कारण बहुतेक वेळा तेच, डोहाचा अंदाज न येणं. पावसाळ्यात तर लांबूनच नमस्कार. धरणाचे दरवाजे उघडले की पाणी बघता बघता चढतं, कमी उंचीचा पूलही पाण्याखाली जातो. जायचं तर डिसेंबर ते मार्च, आणि शनिवार-रविवार टाळून. सुट्टीच्या दिवशी काठावर डीजे आणि बाटल्यांच्या काचा, दोन्ही मिळतील. चपला काढू नका.

पुढे ही नदी पिसे बंधाऱ्यावरून वाहत जाते. तिचं आणि काळू नदीचं पाणी शेवटी उल्हास नदीलाच मिळतं आणि खाडीकडे जातं. हा बंधारा पाणीपुरवठ्याचा असल्याने तिथे फिरायला म्हणून जाण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा पडघ्याची काळी-पिवळी पकडून नाशिक महामार्गावर निघा, वाटेत शेतं छान दिसतात. लोकलनेच परतणार असाल तर परतीची वेळ आधी बघून ठेवा. इकडे दोन गाड्यांमध्ये बरंच अंतर असतं आणि दुपारच्या उन्हात फलाटावरचं छप्पर अपुरं पडतं.