काचेवरचा यूएचएफ टॅग: भुजा कापल्या, लूप जेमतेम हलला

हवेत झकास चालणारा यूएचएफ टॅग (रीडरच्या रेडिओ लहरींवरच चालणारी, बॅटरी नसलेली आरएफआयडी चिप आणि तिची अँटेना) खिडकीच्या ४ मिमी काचेवर चिकटवला की बहिरा होतो, हे आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलंय. या वेळी नेमकं काय बिघडतं ते सुटं करून पाहायचं ठरवलं. काचेमुळे रेझोनन्स (अँटेना ज्या फ्रिक्वेन्सीला सर्वात चांगली चालते ती) खाली सरकतो एवढं कळून भागत नाही. कोणत्या भागाचा किती सरकतो, हे कळल्याशिवाय कात्री कुठे चालवायची?

आधी चिप. एलियन कंपनीची हिग्ज-३, स्ट्रॅपवर (जोडायला सोप्या छोट्या पट्टीवर) बसवलेली मिळाली. डेटाशीटमध्ये १५०० ओहम आणि त्याला समांतर ०.८५ पिकोफॅरड. ८६६ मेगाहर्ट्झला मालिकेत मांडलं की साधारण ३० − j२१२ ओहम येतं (३० हा रेझिस्टन्स, j चा आकडा रिॲक्टन्स, म्हणजे कपॅसिटन्स-इंडक्टन्समुळे येणारा अडथळा). चिपला पूर्ण पॉवर मिळायला अँटेना उलट चिन्हाची, म्हणजे ३० + j२१२ हवी. ५० ओहमचा इथे कुठे पत्ताच नाही, म्हणून एस११चा (५० ओहम धरून मोजलेल्या परावर्तनाचा) नेहमीचा आलेख बघत बसू नका. पॉवरचा गुणांक, म्हणजे अँटेनाच्या पॉवरपैकी चिपला मिळणारा वाटा, ४·Ra·Rc / |Za+Zc|² काढा (a अँटेना, c चिप; R रेझिस्टन्स, Z रेझिस्टन्स-रिॲक्टन्स मिळून). ऑक्टेव्ह या गणिती सॉफ्टवेअरमध्ये तीन ओळींचं काम आहे.

टी-मॅच (चिप तांब्याच्या फाट्याने थेट डायपोलला जोडायची रीत) सोडून मी लूप घेतला: चिप छोट्या लूपवर, शेजारी थोडी फट ठेवून डायपोल (दोन भुजांची मुख्य अँटेना), दोघांत तांब्याचा सांधा नाही. यात दोन गाठी वेगवेगळ्या सोडवता येतात. डायपोल रेझोनन्सवर असेल तर रिॲक्टन्स लूपच्या इंडक्टन्समधून येतो, आणि रेझिस्टन्स (ωM)² भागिले डायपोलचा रेझिस्टन्स इतका (M म्हणजे लूप आणि डायपोलमधला परस्पर इंडक्टन्स, ω म्हणजे २π × फ्रिक्वेन्सी). डायपोलचे ७२ ओहम धरले तर M सुमारे ८.६ नॅनोहेन्री लागतं, ते फटीने जुळवायचं. टी-मॅचमध्ये एक माप हलवलं की दोन्ही आकडे हलतात आणि डोकं फिरतं.

२१२ ओहमसाठी लूप ३९ नॅनोहेन्रीचा हवा. दीड मिमी पट्टीचा २१ × १२ मिमी आयत सूत्राने तेवढा येतो. पण परिघ ६६ मिमी, तरंगलांबी ३४६ मिमी, त्यामुळे करंट लूपभर सारखा राहत नाही आणि रिॲक्टन्स सूत्रापेक्षा जास्त निघतो. ओपनईएमएसने (जागेचे छोट्या पेशींत तुकडे करून गणित करणाऱ्या सिम्युलेटरने) १९ × १२ वर आणून ठेवलं.

नेक२ (तारांच्या अँटेनांचा जुना सिम्युलेटर) इथे उपयोगी नाही, त्याला काचेचा पातळ थर समजत नाही. हवेतला पहिला अंदाज मात्र चुटकीसरशी देतो. ओपनईएमएसमध्ये तांबं शून्य जाडीचं धरलं, काचेच्या जाडीत चार-पाच पेशी घातल्या आणि पट्टीच्या कडांना एक-तृतीयांशाचा नियम लावला: जाळीची एक रेघ धातूच्या आत एक भाग, दुसरी बाहेर दोन भाग. हे न करता नुसती जाळी बारीक करत गेलात तर सर्वात लहान पेशी टाइमस्टेप (गणितातली वेळेची पायरी) आवळते आणि रात्रभर पंखा घोंघावतो.

आता मुद्द्याचं. हवेत १६२ मिमीला बसलेला डायपोल काचेवर ११८ मिमीच्या आसपास आणावा लागला. लांबी न बदलता तोच टॅग काचेवर ठेवला तर गुणांक एक दशांशावर येतो. लूपचं मात्र तसं नाही. काच चुंबकीय नाही, इंडक्टन्सला ती शिवत नाही. फक्त लूपची स्वतःची कपॅसिटन्स थोडी वाढते. रिॲक्टन्स २४० च्या घरात जातो, गुणांक ०.८ च्या आसपास उरतो, म्हणजे जेमतेम एक डेसिबलचं नुकसान. १८ × ११ केलं की तेही भरून निघतं. शिवाय आखूड डायपोलचा रेझिस्टन्स कमी होतो, म्हणून फट थोडी वाढवायची. माझ्या मते बहुतेक लोक उलटं करतात, लूप कुरतडत बसतात.

मोजमापाला नॅनोव्हीएनए (एस११ हे परावर्तन आणि एस२१ हे पलीकडे पोचणारं मोजणारं छोटं यंत्र). नुसती कोॲक्स लावली तर केबलचं कवचच अँटेना होतं. दोन सारख्या लांबीच्या अर्धताठ केबल, कवचं एकमेकांना सोल्डर, दोन गाभे लूपवरच्या चिपच्या जागेच्या दोन टोकांना. कॅलिब्रेशन टोकापर्यंत नेलं की एस११ वजा एस२१ हा १०० ओहमच्या संदर्भातला गॅमा, म्हणजे परावर्तन गुणांक, मिळतो (अँटेना सममित असेल तरच). शेवटची परीक्षा एम६ई नॅनो रीडरवर: अंतर कायम, पॉवर खाली आणत टॅग कधी गप्प होतो ते पाहायचं. ६ डेसिबल वाचले की अंतर दुप्पट.

नेटवरचे तयार आराखडे बहुधा अमेरिकेच्या ९०२–९२८ साठी असतात. आपल्याकडे ८६५–८६७ हा पट्टा २००५ पासून परवानामुक्त आहे (२०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढला), फास्टॅगही तिथेच. दोन-तीन मेगाहर्ट्झसाठी बँडविड्थची चिंता कशाला, असं वाटेल. पण काच ४ ऐवजी ५ मिमी निघाली तर शिखर त्याहून कितीतरी जास्त सरकतं, म्हणून रुंदी हवीच. भुजांची टोकं रुंद करून ती थोडी मिळते.

पुढची पाळी गाडीच्या पुढच्या काचेची: दोन थर, मध्ये पीव्हीबी हे प्लास्टिक. त्या थराचा ८६६ ला लॉस टँजंट (थर किती ऊर्जा गिळतो त्याचं माप) कोणी स्वतः मोजला असेल तर आकडा आणि मोजायची पद्धत, दोन्ही कळवा.