क्लिंगॉनची नोंदवही: अनेकवचनाचा टप्पा

क्लिंगॉन म्हणजे ‘स्टार ट्रेक’मधल्या क्लिंगॉन या काल्पनिक समाजासाठी रचलेली भाषा; ती मी शिकतेय. मागच्या नोंदीपर्यंत तिच्या क्रियापदांच्या उपसर्गांचा तक्ता बऱ्यापैकी तोंडी बसला होता. आता नामांकडे वळलेय आणि सध्या मुक्काम अनेकवचनावर आहे. ही भाषा रचणारे मार्क ओक्रँड यांनी १९८५ च्या शब्दकोशात नामाच्या प्रत्ययांचे पाच गट केलेत. त्यातला दुसरा गट अनेकवचनाचा, आणि त्यात प्रत्यय तीनच. तरी मी इथे मुद्दाम रेंगाळतेय, कारण तीन प्रत्यय लावता येणं हा या विषयाचा सोपा भाग आहे. ते कधी लावू नयेत हे कळायला लागलं की वाक्यं क्लिंगॉनसारखी वाटू लागतात.

आधी लेखनाबद्दल थोडं. मी उच्चार देवनागरीतच उतरवते. क्लिंगॉनमधले ड आणि ष हे अस्सल मूर्धन्य ध्वनी आहेत. रोमनमध्ये त्यांच्यासाठी मोठी अक्षरं योजावी लागतात, आपल्याकडे ते वर्णमालेतच आहेत. ’ या चिन्हाच्या जागी आवाज घशात क्षणभर अडवायचा. ‘वि’ आणि ‘व्हि’ हे दोन वेगळे उच्चार आहेत, आणि पुढे या फरकावर अर्थ अवलंबून आहे.

तर तीन प्रत्यय. बोलू शकणाऱ्यांना पु’, शरीराच्या अवयवांना डु’, बाकी सगळ्याला मेय. पुक़ म्हणजे मूल, पुक़पु’ म्हणजे मुलं. क़ाम म्हणजे पाऊल, क़ामडु’ म्हणजे पावलं. डुज म्हणजे जहाज, डुजमेय म्हणजे जहाजं. प्राणी बोलत नाहीत, म्हणून त्यांना मेय. नवख्यांसाठी एक खूण: क़ोरडु’ म्हणजे कुटुंब, त्यातला शेवटचा डु’ हा प्रत्यय नाही. आणि पु’ क्रियापदाला लागलेला दिसला तर तो क्रिया पूर्ण झाल्याचं सांगतो, त्याचा वचनाशी संबंध नाही.

आता खरी गंमत. हे प्रत्यय ऐच्छिक आहेत. याष म्हणजे अधिकारी. ‘याष जिख़’ म्हणजे मी अधिकारी आहे, ‘याष माख़’ म्हणजे आम्ही अधिकारी आहोत. नाम तसंच राहिलं, वचन सर्वनामाने सांगितलं. क्रियापदाचा उपसर्गही हेच काम करतो. ‘याष विलेग़’ म्हणजे आम्ही एका अधिकाऱ्याला पाहतो, ‘याष डिलेग़’ म्हणजे आम्ही अनेक अधिकाऱ्यांना पाहतो. पण ‘याष व्हिलेग़’, म्हणजे मी पाहते, यातला व्हि एकालाही चालतो आणि अनेकांनाही. इथे प्रत्यय नसेल तर संदर्भावरच भिस्त, म्हणून अशा जागी मी पु’ लावतेच.

मराठी माणसाला हे परकं वाटू नये. ‘दगड पडला’, ‘दगड पडले’, यात दगड कुठे बदलतो?

मला सर्वांत आवडलेली जोडी ही. ‘पुक़ लेग़ याष’. कर्म आधी, मग क्रियापद, कर्ता शेवटी. उपसर्ग नाही, म्हणून तीन अर्थ निघतात: अधिकारी एक नि मूल एक, अधिकारी एक नि मुलं अनेक, किंवा दोन्हीकडे अनेक. आता फक्त ‘लु’ जोडा: ‘पुक़ लुलेग़ याष’. अधिकारी अनेक आणि मूल एकच, याखेरीज दुसरा अर्थच उरत नाही. एका अक्षरात दोन नामांची वचनं ठरली, आणि नामांना हातही लावला नाही. प्रत्ययांचा धडा उपसर्गांच्या तक्त्यानंतरच घ्यावा असं माझं ठाम मत आहे ते यासाठी.

संख्येचं थोडक्यात: ‘लोष पुक़पु’’ आणि ‘लोष पुक़’ दोन्ही चालतं, चार मुलं.

मेयचा एक वेगळा रंग आहे. माणसांना पु’ऐवजी मेय लावला तर ‘इकडेतिकडे विखुरलेले’ अशी छटा येते. पुक़मेय म्हणजे जिकडे पाहावं तिकडे मुलं. अवयवांना मात्र मेय चालत नाही. पण क्लिंगॉन कवी हा नियम मोडतात, असं ओक्रँड नोंदवतात, आणि उदाहरण देतात ट्ल्होनमेय, म्हणजे सर्वत्र विखुरलेल्या नाकपुड्या. व्याकरणाच्या पुस्तकात त्या समाजाच्या कवितेला जागा ठेवणं मला फार सुंदर वाटतं.

काही नामांचं अनेकवचन म्हणजे स्वतंत्र शब्दच. पेङ एक टॉर्पेडो, चा अनेक. डोष एक लक्ष्य, राय’ अनेक. माङ एक सैनिक, नेग़ अनेक. जेङव्हा’ एक ताटली, ङोप अनेक. हे शब्द अर्थाने अनेकवचनी, पण व्याकरणात एकवचनी धरले जातात. ‘चा यिग़ुष’, म्हणजे टॉर्पेडो सज्ज ठेवा, यातला आज्ञार्थी ‘यि’ एकवचनी कर्माचा आहे. अनेकवचनाचा ‘ति’ इथे बसत नाही. पेङमेय असंही म्हणता येतं, पण मग ते टॉर्पेडो विखुरलेले. सैनिकांचंही तसंच: नेग़ म्हटलं की सैन्य एकत्र, माङमेय म्हटलं की पांगलेलं. पाठ करताना या जोड्या मी नेहमी आज्ञेच्या वाक्यातच घोकते, म्हणजे उपसर्गही सोबत बसतो.

सध्या सरावासाठी छोट्या प्राणिकथा लिहितेय, आणि तिथे एक प्रश्न उभा राहिला. टार्ग़ हा प्राणी, म्हणजे एरवी टार्ग़मेय. पण कथेत ते बोलत असतील तर? निकष ‘बोलू शकणारे’ असा आहे, ‘माणूस’ असा नाही. म्हणून मी कथेत टार्ग़पु’ लिहितेय. मग मालकीचा प्रत्ययही बदलतो. माझी जहाजं डुजमेयविज, पण माझी मुलं पुक़पु’वि’, तसेच माझे बोलणारे टार्ग़ टार्ग़पु’वि’. बोलणाऱ्यांना विज लावणं व्याकरणात बसतं, पण ते अपमानकारक मानतात. त्यामुळे कथेतला दुष्ट मालक टार्ग़पु’विज म्हणतो आणि चांगला टार्ग़पु’वि’. दोघांचा स्वभाव वेगळा सांगावाच लागत नाही. कुणी याहून वेगळी वाट धरली असेल तर जरूर कळवा.

पुढचा टप्पा पाचही गट एका नामावर चढवण्याचा. नमुना शब्दकोशातलाच: क़्ख़ाग़-ख़ोम-मेय-ख़ेय-लिज-मो’. चूक, बारीकशी, अनेक, बहुधा, तुझी, मुळे. मेयची जागा दुसरी, ती हलत नाही. जोडचिन्हांशिवाय एका दमात म्हणता येईपर्यंत हाच शब्द.