वडिलांच्या औषधांना माशाच्या तेलाची जोड देताना

वडिलांच्या हार्ट फेल्युअरच्या (हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची ताकद कमी होण्याच्या आजाराच्या) औषधांची घडी नीट बसल्यावरच मी त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांपुढे माशाच्या तेलाचा विषय काढला. त्यांनी तो उडवून लावला नाही, याचे मला फार बरे वाटले. इटलीत सुमारे ७,००० रुग्णांवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘जिस्सी-एचएफ’ चाचणीत रोज १ ग्रॅम ओमेगा-३ची (माशाच्या तेलातल्या उपयोगी स्निग्धाम्लांची) कॅप्सूल घेणाऱ्यांपैकी २७ टक्के, तर औषध नसलेली कॅप्सूल घेणाऱ्यांपैकी २९ टक्के रुग्ण जवळपास चार वर्षांत दगावले, असे त्यांनी सांगितले. हा फायदा लहान आहे आणि तो नेहमीची औषधे चालू असताना मिळालेला आहे. त्यामुळे बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंद करणारी गोळी) किंवा लघवीची गोळी यांपैकी काहीही कमी करायचे नाही, ही अट त्यांनी आधीच घातली.

ओमेगा-३मुळे, विशेषतः मात्रा जास्त असल्यास, एट्रियल फिब्रिलेशनचा, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा, धोका वाढू शकतो. म्हणून डॉक्टरांनी ईसीजी काढून ठोके नियमित असल्याची खात्री केली आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू नाही ना, तेही विचारले.

खरा कस लागला तो बाटली निवडताना. दर्शनी बाजूला ठळक अक्षरांत ‘१००० मिलिग्रॅम’ असते, पण ते नुसत्या तेलाचे वजन. मागची बारीक अक्षरे भिंगाने वाचली, तेव्हा ईपीए १८० आणि डीएचए १२० (हे ओमेगा-३चे दोन प्रकार), म्हणजे उपयोगाचा भाग अवघा ३०० मिलिग्रॅम निघाला. चाचणीतल्या एका कॅप्सूलमध्ये तो सुमारे ८५० होता. ही तफावत ठळकपणे न छापणे मला रुग्णांवर अन्याय करणारे वाटते. कॉड लिव्हर ऑइलच्या कॅप्सूल वाढवून ही तूट भरून काढणेही योग्य नव्हे, कारण त्यासोबत ‘अ’ जीवनसत्त्वही जास्त पोटात जाते. अखेर डॉक्टरांनीच अधिक तीव्रतेची कॅप्सूल लिहून दिली.

सुरुवातीला वडिलांना माशाच्या वासाचे ढेकर येत. रिकाम्या पोटी न घेता जेवणासोबत घेऊ लागल्यावर ते कमी झाले. सध्या त्यांचा दम कमी लागतो, मात्र त्याचे श्रेय मी तेलाला देत नाही, कारण त्याच सुमारास त्यांच्या मुख्य औषधांची मात्राही वाढवली होती. रोज सकाळचे वजन आणि पायांवरची सूज यांची नोंद पूर्वीसारखीच चालू आहे. छातीत धडधड झाली किंवा नाडी अनियमित लागली, तर त्याच दिवशी कळवण्याची डॉक्टरांची सूचना त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे.