‘जंटल रिमाइंडर’ लिहायचं मी कसं सोडलं

बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि आमच्या वर्कशॉपचा फॉलोअप माझ्याकडे आला. भोसरी एमआयडीसीत आमचं गेज, म्हणजे मालाचं माप तपासायची साधनं, बनवायचं काम आहे. प्लग गेज, रिंग गेज, अधूनमधून एखादं फिक्स्चर. बाबांचा फॉलोअप म्हणजे स्कूटर, निळी डायरी आणि गेटवरच्या वॉचमनशी ओळख. ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणजे नाही, ‘साहेबांशी बोलतो’ म्हणजे कदाचित, आणि चहा मागवला म्हणजे काम होणार, हे त्यांना तोंड बघून कळायचं. मला तर कोणाचं तोंडच दिसत नव्हतं. माझ्यासमोर एक एक्सेल शीट होतं. क्वोटेशन पाठवलेल्या ४१ ओळी, आणि ‘पीओ (परचेस ऑर्डर) आली’ या रकान्यात ४.

पहिले दोन महिने मी जे केलं ते सांगायला लाज वाटते. गुरुवारी आमच्या भागात सुट्टी. मशिनं बंद, घरी निवांत, म्हणून दर गुरुवारी सकाळी मी सगळ्यांना एकच मेल टाकायचे. ‘डिअर सर, जंटल रिमाइंडर. काइंडली अपडेट.’ नाव बदलायचं, सेंड दाबायचं. एकदा नाव बदलायचंच राहिलं आणि चाकणच्या कंपनीला रांजणगावच्या कंपनीच्या नावाने मेल गेला. शिवाय गुरुवारी बहुतेकांची सुट्टीच असते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. शुक्रवारी परचेसवाला मेलबॉक्स उघडणार तेव्हा वर नवा ढीग, आणि माझा मेल तळाला.

शेवटी अशाच एका परचेसवाल्यांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, थकलेला होता. “मॅडम, तुमचे तीन मेल आहेत माझ्याकडे. एकातही क्वोटेशन नंबर नाही, आमचा एन्क्वायरी नंबर नाही. मी शोधायचं कुठं?”

मी सॉरी म्हटलं आणि पहिल्यांदाच विचारलं, की सर, आमचं क्वोटेशन तुमच्याकडे आल्यावर पुढे त्याचं होतं काय? त्यांनी सांगितलं. इंडेंट, म्हणजे मागणीचा कागद, क्वालिटीवाल्यांकडून येतो. तीन पार्ट्यांचे रेट मागवायचे, कंपॅरिटिव्ह, म्हणजे त्यांच्या तुलनेचा तक्ता, बनवायचं, त्यावर क्वालिटीचा शेरा, साहेबांची सही, मग पीओ. “तुमचा रेट काही जास्त नाहीये. पण कॅलिब्रेशन सर्टिफिकेट त्यात धरलंय की वेगळं, ते लिहिलेलंच नाही. म्हणून तुमचा रकाना रिकामा आहे.”

म्हणजे दीड महिना आमची ऑर्डर एका रिकाम्या रकान्यात अडकली होती आणि मी त्यांच्याकडे अपडेट मागत होते. अपडेट मीच द्यायचा होता.

त्याच दुपारी त्यांच्या मूळ एन्क्वायरीच्या मेललाच रिप्लाय केला, म्हणजे सगळं एका साखळीत राहिलं. मजकूर एवढाच: ‘आमच्या क्वोटेशनमधल्या रेटमध्ये एनएबीएल मान्यताप्राप्त लॅबचं सर्टिफिकेट धरलेलं आहे. डिलिव्हरी पीओनंतर १८ दिवस. जीएसटी वेगळा. पीडीएफ पुन्हा जोडली आहे.’ वर दोन्ही नंबर. लगेच पीओ आली असं सांगायला आवडलं असतं, पण ती ऑर्डर दुसऱ्याला गेली. त्यांचं कंपॅरिटिव्ह आदल्या दिवशीच सहीला गेलं होतं.

खरा फरक पडला तो पुढच्या महिन्यात. चाकणचीच एक कंपनी, २५ मिलिमीटर बोअरचे, म्हणजे भोकाचे, प्लग गेज, तीन आठवडे चिडीचूप. मेल लिहायच्या आधी मी ड्रॉइंगचं प्रिंट काढलं आणि आमच्या ग्राइंडिंगवाल्या काकांपुढे ठेवलं. काका ३० वर्षं गेज घासताहेत. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला, कागद नाकाजवळ नेला आणि म्हणाले, “अगं, हे बघ. बोअरला एच७ लिहिलंय आणि शेजारी आकडा टाकलाय अधिक ०.०३३. तो एच८चा झाला. एच७ला ०.०२१ पाहिजे.”

एच७, एच८ म्हणजे भोक मापापेक्षा किती मोठं चालेल याचे ठरलेले वर्ग. फरक १२ मायक्रॉनचा, म्हणजे ०.०१२ मिलिमीटरचा. केसाच्या जाडीपेक्षाही किती तरी कमी, पण गेजवाल्यांच्या जगात फार मोठा. प्लग गेजचं गो टोक लहानात लहान चालणारं भोक तपासतं, नो-गो टोक मोठ्यात मोठं. नो-गो २५.०३३ धरून बनवला आणि त्यांना खरं तर एच७ हवा असेल, तर त्यांच्या लाइनवर मोठी झालेली भोकं बिनबोभाट पास होणार. उलट झालं तर चांगला माल रिजेक्ट.

त्या मेलमध्ये रिमाइंडर हा शब्दच नव्हता. ड्रॉइंगच्या त्या कोपऱ्याचा फोटो, त्यावर लाल गोल, आणि खाली: ‘इथे एच७ आणि +०.०३३ दोन्ही दिलं आहे. नो-गो कशावर बनवायचा? दोन्हींचा रेट तोच राहील.’ वीस मिनिटांत उत्तर आलं, तेही परचेसकडून नाही, क्वालिटीच्या माणसाकडून. परचेसने मेल त्यांच्याकडे ढकलला होता. ‘एच७च हवा. ड्रॉइंग सुधारून पाठवतो. धन्यवाद.’ नऊ दिवसांनी पीओ. बाबांना सांगितलं तर म्हणाले, “मग? मी गेटवर जाऊन हेच करायचो. नुसतं ‘ऑर्डर कधी’ विचारलं की लोक तोंड चुकवतात.”

तेव्हापासून क्वोटेशन पाठवतानाच मी स्वतःसाठी एका ओळीत लिहून ठेवते की पुढच्या मेलमध्ये काय सांगण्यासारखं आहे. कधी ड्रॉइंगमधली शंका. कधी एवढंच, की गेजला लागणाऱ्या ओएचएनएस स्टीलचा रेट वाढतोय आणि आमचं क्वोटेशन ३० तारखेपर्यंतच धरता येईल. पण हे खरं असेल तरच. एकदा उगाच ‘रेट वाढणार’ असं लिहिलं. त्या साहेबांनी पुढच्या महिन्यात विचारलं, “किती वाढला मग?” मला उत्तर देता आलं नाही. आणि सांगण्यासारखं काहीच नसेल तर मेल नाही, सरळ फोन करते.

सीसीचा एक प्रताप सांगायचा राहिला. एक परचेस ऑफिसर उत्तरच देत नव्हते, म्हणून मी त्यांच्या प्लँट हेडना सीसी केलं. उत्तर लगेच आलं, एका ओळीचं आणि बर्फासारखं थंड. नंतर त्या कंपनीची एन्क्वायरी वर्षभर आली नाही. शेवटी बाबाच काठी टेकत जाऊन आले. काय बोलले ते मला अजून सांगितलेलं नाही.

एक कारण तर लिखाणाशी संबंध नसलेलंच निघालं. आमच्यासारखी छोटी वर्कशॉप बरीचशी जीमेलच वापरतात, आणि त्यांना आमचे मेल स्पॅममध्ये जात होते. आमच्या नावाने मेल पाठवायची परवानगी कोणत्या सर्व्हरला आहे, याची नोंद डोमेनवर, म्हणजे मेलच्या पत्त्यात @ नंतर येणाऱ्या आपल्या नावावर, ठेवावी लागते, तिला एसपीएफ म्हणतात. मेलवर न दिसणारी सही असते, ती डीकेआयएम. आमच्या डोमेनवर दोन्हीही नव्हतं. फेब्रुवारी २०२४ पासून गुगलने जीमेलवर मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाला यातलं निदान एक सक्तीचं केलं. भाच्याने अर्ध्या तासात ते लावून दिलं आणि चहा-बिस्किटावर हिशेब मिटला. उत्तर आलं नाही म्हणजे नकार, असं समजून मी किती जण सोडून दिले असतील कोण जाणे.

आता मेल मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी, महिनाअखेर टाळून. क्वोटेशननंतर पहिला चार-पाच दिवसांनी, दुसरा दोन आठवड्यांनी. तिसरा शेवटचा, त्यात सरळ लिहिते: ‘ही एन्क्वायरी आमच्याकडून बंद करत आहे. काम दुसरीकडे गेलं असेल तर एका ओळीत कळवलंत तरी पुढच्या वेळी रेट नीट देता येईल.’ गंमत म्हणजे सगळ्यात जास्त उत्तरं याच मेलला येतात. बहुतेक नकारच असतात. पण एकाने लिहिलं, ‘बंद करू नका, बजेट एप्रिलमध्ये उघडेल.’

काल बाबांनी विचारलं, “त्या एप्रिलवाल्याचं काय?”

“अजून फेब्रुवारी आहे बाबा.”

त्यांनी निळी डायरी काढली, एप्रिलचं पान शोधलं आणि कंपनीचं नाव लिहून ठेवलं. एक्सेलवर त्यांचा अजून विश्वास नाही.