ओटीचे ब्लाऊजपीस एकदाचे कामी आले

दिवाळीच्या साफसफाईत दिवाणातून एक जुनी सुटकेस निघाली, उघडली तर आत नुसते ब्लाऊजपीस. मोजले, ४३. हळदीकुंकू, बारसं, डोहाळजेवण, कोणाची वास्तुशांत, सगळीकडून ओटीत आलेले. आता ब्लाऊजपीसचं तुम्हाला माहीतच आहे, ते शिवत कोणी नाही, ते फक्त फिरतात. त्यातला एक मोरपंखी तर मीच तीन वर्षांपूर्वी एका वहिनींना दिला होता, कोपऱ्यात पेनाचा तोच डाग, म्हणजे नागपुरातलं सगळं मानेवाडा, नंदनवन फिरून आला बिचारा घरी परत.

मुलगी पुण्याला असते, तिला फोटो पाठवला तर तिनं उलट एक व्हिडिओ पाठवला, षट्कोनी तुकड्यांची गोधडी, हेक्सागॉन म्हणतात. मधमाशीच्या पोळ्यासारखी दिसते. मी लगेच प्रेमात. १७ पीस टेरिकॉटसारखे चकचकीत होते, त्यांची घडी इस्त्रीनंही बसत नाही, ते बाजूला काढले (ते पुन्हा फिरायला मोकळे). टूबायटू आणि सुती असे २६ उरले, ते आधी धुवून घेतले. हे विसरू नका, लाल अन् राणी कलरचा रंग जातो म्हणजे जातोच.

पद्धत अशी की जाड कागदाचा षट्कोन कापायचा, त्याच्यापेक्षा चारी बाजूंनी, म्हणजे सहाही बाजूंनी, पाव इंच मोठं कापड कापायचं, कागदावर दुमडायचं आणि मागून कच्चा टाका घालायचा. मी टाका कागदातून घालतच नाही, फक्त कोपऱ्यावर कापडाची घडी पकडते, मग नंतर कागद सरकन निघतो आणि कच्चा टाका उसवायची कटकट राहत नाही. असे दोन तुकडे झाले की सुलट बाजू समोरासमोर ठेवायच्या आणि कडेवरून बारीक टाके घालत जायचं, सुईत कापडाचे दोनतीन धागे फक्त यायला हवेत, कागद लागला तर टोचताना कळतंच, टक्क असं होतं. मशीनवर का नाही असं शेजारच्या काकूंनी विचारलं. होतं मशीनवर पण, पण प्रत्येक कोपऱ्याशी तीन तुकडे एकत्र येतात, १२० अंशाचे तीन कोन, म्हणजे दर दीड इंचावर थांबा, सुई खाली ठेवा, कापड वळवा. त्यापेक्षा टीव्हीसमोर बसून हातानं बरं.

किती तुकडे लागतील याचा हिशोब मी आधी केला नाही हे चांगलंच झालं. एक इंच बाजूचा षट्कोन घेतला तर ६० बाय ९० इंचाच्या सिंगल गोधडीला दोन हजाराच्या वर तुकडे होतात. मी दीड इंच बाजू घेतली, तरी सव्वानऊशे. आणि बाजूला बाजू जोडायची म्हणजे सगळी मिळून जवळपास शंभर मीटर हातशिलाई. इंचाला बारा टाके धरले तर ४८ हजाराच्या आसपास. हे नवऱ्यानं कॅल्क्युलेटरवर काढून दाखवलं, मी त्याला म्हटलं तू चहा ठेव.

आमच्या आई (सासूबाई, उमरेडच्या) पहिले दोन दिवस फक्त बघत होत्या. तिसऱ्या दिवशी बोलल्या, "काहून फाडून राहिली वं चांगलं कापड? येवढे तुकडे कराचे अन् मंग तेच जोडाचे?" आता यावर माझ्याकडे खरंच उत्तर नव्हतं. आईंनी स्वतः चार गोधड्या शिवल्यात, त्यातली एक अजून माझ्या पलंगावर असते, मे महिन्यात पहाटे कूलरसमोर तीच लागते. त्यांची रीत म्हणजे जुनी लुगडी फरशीवर ताणून पसरायची, चार कोपऱ्यांवर पाट नाहीतर वरवंटा, वर जो तुकडा जसा असेल तसा, लांब, आखूड, बाही, परकराचा घेर, आणि मग कडेपासून आत आत धावदोरा. कापडाला ना मापाची गरज ना कोनाची. षट्कोन मात्र फार खडूस प्रकार आहे, एक मिलिमीटर माफ करत नाही.

ते मला कसं कळलं ते सांगते. पहिले साचे मी कॉलनीतल्या झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट करून आणले. तिथल्या पोट्ट्यानं प्रिंट देताना "फिट टू पेज" तसंच ठेवलं, म्हणजे प्रिंट ९७ टक्क्यांचा निघाला. मोजायला पाहिजे होता मी, नाही मोजला, दीड इंच म्हणजे दीड इंच असेल ना बाप्पा. दोन अख्खी फुलं शिवली. मग कागद संपले म्हणून दुसऱ्यांदा घरीच पट्टीनं आखून कापले, ते बरोबर मापाचे, आणि तिसरं फूल पहिल्याशेजारी ठेवलं तर अर्ध्या इंचाहून जास्त मोठं. एका फुलात मध्ये एक, भोवती ६, मग १२, मग १८ असे ३७ तुकडे, आडवे मोजले तर सात, प्रत्येकात केसाएवढा फरक आणि सातव्यापर्यंत अर्धा इंच. ७४ तुकडे गेले. उसवले नाहीत, एवढा जीव नाही माझ्यात, दोन्ही फुलं आता टीपॉयवर आहेत आणि येणारे लोक छान म्हणतात.

तर घरी कापले ते कशाचे? लग्नपत्रिकांचे! साधा कागद दोनदा वापरला की लुळा पडतो, पत्रिकेचा कार्ड पेपर तीनचारदा चालतो. सहाही बाजू जोडून झाल्या की आतला कागद काढून पुढच्या तुकड्याला घ्यायचा, म्हणून सव्वानऊशे कागद लागत नाहीत. पत्रिका फेकवत नाहीत म्हणून आईंच्या कपाटात पंधरावीस वर्षांच्या साठल्या होत्या. आणि हा काही माझा शोध नाही, इंग्लंडात दोनशे वर्षांपूर्वीच्या बायका जुनी पत्रं, हिशोबाच्या वह्या असलंच काहीबाही कापून वापरायच्या, अमेरिकेत १८३५ मध्ये एका बायकांच्या मासिकात हा नमुना छापून आला होता, आणि १९३० च्या मंदीत तर तिकडे घराघरात "ग्रँडमदर्स फ्लॉवर गार्डन" म्हणून हीच फुलं, चिंध्यांची. काही गोधड्या अर्धवट राहिल्या आणि कागद आतच राहिले, त्या कागदांवरून आता लोक त्यांचा काळ ओळखतात. माझी अर्धवट राहिली तर त्यांना सापडेल "आमचे येथे श्रीकृपेकरू", "रज मुहूर्ता" आणि "लॉन, रिंग रो".

पत्रिका आल्या तशा आई कामात आल्या. आधी चष्मा लावून नुसत्या वाचायच्या, हे कोण, हे आपल्या मामाकडचे का, यांच्या लग्नात पनीर खारट झालं होतं. मग एक दिवस कात्री घेऊनच बसल्या. अट एकच, गणपतीवर कात्री चालवायची नाही, तो आधी अख्खा कापून वेगळा काढायचा, मग उरलेल्याचे षट्कोन. त्यामुळे एका पत्रिकेतून सहा निघायचे तिथे चार निघतात, पण मी वाद घातला नाही. मोठी फुलं अकरा झाली आहेत आता, मध्ये पिवळा, मग रंगीत दोन गोल, कडेचा गोल सगळ्यांना पांढरा टूबायटू. पांढरा संपत आला, रविवारी गांधीबागला जाऊन आणायचा आहे, आणि तो जुन्याशी जुळेल असं मला वाटत नाही, पांढऱ्यात किती पांढरे असतात ते दुकानात उभं राहिल्यावरच कळतं.

गणपती आई श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ठेवतात. काल मोजले, ३१ झाले. त्यांचं काय करायचं विचारलं तर म्हणाल्या, "राहू दे, चतुर्दशीले आपल्या गणपतीसंग टबात सोडू." चतुर्दशीला अजून दहा महिने आहेत, आणि कपाटात पत्रिकांची एक पिशवी अजून उघडलेली नाही.